केळी डिकीत, आई पुढे

नाना, गाडीच्या चार स्प्रिंगांपायी माझं डोकं फिरायची वेळ आली आहे आणि हे घरात कुणाला सांगायची सोय उरलेली नाही. बायकोपुढे शॉकअप हा शब्द काढला की ती उठून स्वयंपाकघरात जाते. लेकीला नाशिकला फोन केला तर ती म्हणते, बाबा, दुसरं काहीतरी बोला ना. कारखान्यातले लोक लांबूनच हात वर-खाली करून विचारतात, आज वर का खाली? म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही उठून जाऊ शकत नाही. आणि खरं सांगायचं तर यातला निम्मा ताप तुमच्यामुळेच झालेला आहे, तेव्हा निमूट ऐकून घ्या.

मी स्पोर्ट्स कार घेतली आहे. हसू नका. जुनी आहे, जपानी आहे, दोन दारांची, बसकी, लाल. पुण्याच्या एका माणसाने हौस फिटली म्हणून विकली आणि मी हौस राहून गेली होती म्हणून घेतली. तुमची सून म्हणाली, "या वयात लोक गुडघ्याचा पट्टा घेतात." म्हणू दे. ती काही शोकेसमध्ये ठेवलेली गाडी नाही. घरची साधी गाडी लेक नोकरीच्या गावी घेऊन गेली, त्यामुळे मेहरूणहून एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात जायचं ते हिच्यातूनच, भाजी आणायची ती हिच्यातूनच, लग्नाकार्याला जायचं तेही हिच्यातूनच. वर्षभर छान चालली. मग तिचे शॉकअप गेले. तेल गळायला लागलं आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आत येऊन भेटायला लागला. मूळ कंपनीचे शॉकअप बाहेरच्या देशातून मागवावे लागतात, आणि त्यांची किंमत ऐकून मी समोरच्याला बरं म्हणून फोन ठेवून दिला. तिथून या कॉइलओव्हर नावाच्या भानगडीत पडलो.

तुमच्या केळी वाहायच्या मेटाडोरला मागे कमानपाटे होते, एकावर एक रचलेले. या गाडीला प्रत्येक चाकाशी शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग. ही जोडी आटे पाडलेल्या नळीवर बसवून एकत्र विकतात, त्याला कॉइलओव्हर म्हणायचं. पान्याने आटे फिरवले की गाडी खाली-वर होते. वरच्या टोकाला नॉब असतो, तो फिरवला की गाडी कडक किंवा नरम होते. म्हणजे होते असं खोक्यावर छापलेलं असतं. महागातले घेतले तर म्हणे स्वर्ग. स्वस्तातले घ्यायचे तर कुठले, यावर इंटरनेटवर लोक एकमेकांच्या उरावर बसलेले आहेत. एक म्हणतो नवे स्वस्त घ्या, दुसरा म्हणतो त्यापेक्षा चांगल्या कंपनीचे जुने घ्या, तिसरा म्हणतो रोज चालवायची गाडी असेल तर या नादालाच लागू नका. तिसऱ्याचं ऐकायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, विकून टाक आणि मोकळा हो. अहो, पण जळगावात दोन दारांची गाडी घेणार कोण? जो येतो तो विचारतो, मागे बसायचं कसं? आणि मला विकायची नाही, हेही सरळ लिहून टाकतो. खरा प्रश्न शनिवारचा आहे. दर शनिवारी आई धुळ्याला मावशीकडे जाते. मावशीचं खुबा मोडल्यापासूनचं सगळं आयुष्य पलंगावर आहे. डोकं आणि जीभ मात्र तेज, देवाची कृपा. या दोघींना जगात आता एकमेकींशिवाय बरोबरीचं कुणी उरलेलं नाही. तुम्ही नाही, मावशीचे यजमान नाहीत, माहेरचे भाऊ नाहीत. शनिवारी दुपारी जेवून दोघी बोलायला बसतात आणि रावेरच्या वाड्यावस्तीतल्या मेलेल्या माणसांची नावं काढून काढून हसतात. एसटीने आईला जमत नाही. भाड्याची गाडी करू म्हटलं तर म्हणते, "बहिनीकडे काय भाड्याच्या गाडीत जाऊ? लोकं म्हनतीन पोराले वेळ नाही." बरं, ही माझी गाडी तिला आवडते. बसकी असल्यामुळे पाटावर बसल्यासारखं वाटतं म्हणते. पण तिच्या मणक्यात झीज आहे, आणि मधल्या काळात जे झालं त्यावरून डॉक्टरांनी मला केबिनमध्ये एकट्याला बोलावून सांगितलं, आता पुन्हा असा झटका बसला तर धुळं कायमचं बंद. म्हणजे माझ्या चार स्प्रिंगांवर त्या दोघींचे उरलेले शनिवार टांगलेले आहेत. आता कळलं, मी का पिसाळलोय ते?

काय झालं ते पहिल्यापासून सांगतो. पहिला सेट मी व्हिडिओ बघून घेतला. व्हिडिओतला तो मुलगा कुठल्यातरी काचेसारख्या रस्त्यावर गाडी फिरवत होता आणि सांगत होता, रोजच्या वापराला एकदम झकास. त्याचं रोजचं म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. त्याच्या रोजच्यात ना इच्छादेवीचा चौक, ना पाळधीचा सर्व्हिस रोड. अजिंठा चौफुलीजवळच्या मिस्त्रीने सेट बसवला. माणूस कामाला वाईट नाही, पण त्याला गाडी जमिनीला टेकलेली बघायचं व्यसन आहे. "भो, स्पोर्ट्स गाडी अशी बसली पाहिजे," तो म्हणाला आणि त्याने पुढची बाजू चांगली दोन बोटं खाली उतरवली. मलाही आवडली. दिसायला लागली ना खरी! चौकात पोरं मोबाईल काढून फोटो घ्यायला लागली. मी त्या आठवड्यात काच खाली करून हिंडत होतो.

शनिवारी आईला बसवलं. एरंडोल येईपर्यंत माझ्याच दाढा एकमेकींवर आपटत होत्या. विचारलं, "आई, त्रास होतोय का?" ती म्हणाली, "नाही रे. चांगली हाये गाडी." पारोळ्याला विचारलं, "कंबर?" "चांगली हाये." येताना विचारलं, "जाताना बरी होती की येताना?" तर म्हणे, "दोन्ही येळा चांगलीच होती." आता बोला! दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन मिस्त्रीकडे गेलो. तो बिचारा बोनेट उघडून नॉबवर हात ठेवून उभा. "आजी, कडक वाटते का नरम? तुम्ही सांगा, तसं फिरवतो." आई त्याला म्हणाली, "तुले जे बरं वाटीन ते कर बाबा. जेवला का तू?" त्याने नॉब एका टोकाला नेला, आम्ही चक्कर मारून आलो. चांगली हाये. दुसऱ्या टोकाला नेला, परत चक्कर. चांगली हाये. मिस्त्री हात पुसत मला म्हणाला, "भो, आजी देवमाणूस आहे, पण गाडी अशी सेट होत नसते."

मग धुळ्याहून मावशीचा फोन आला. आई दर शनिवारी तिच्यासाठी केळ्यांची एक फणी नेते, जरा कच्चट बघून, म्हणजे तिला दोन-तीन दिवस पुरते. ती डिकीत ठेवलेली असते. मावशी साठ वर्षं धुळ्यात राहून रागावते ती पक्क्या अहिराणीत, हे तुम्हाला माहीत आहे. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "काय रे, तुनी मायले तू गाडीमा आनस का गोणीमा?" मी म्हटलं, काय झालं मावशी? "बठ्ठा केळास्वर डाग पडेल शेतस. केळानं हाई हाल शे, ते मनी बहीणनं काय व्हत व्हई?" केळ्यांचे हे हाल तर बहिणीचे काय, एवढं विचारून फोन ठेवलासुद्धा. मी मोबाईलकडे बघत बसलो. केळ्यांच्या घरातल्या मुली दोघी. एक बोलत नाही आणि दुसरी साल बघून बहिणीचं दुखणं ओळखते.

इथे तुम्ही येता, नाना. कारण फोन ठेवल्यावर मला आईची कंबर आठवायला हवी होती, आणि मला आठवलात तुम्ही. रावेरचं ते आवार, उन्हाच्या आधीची वेळ, घड उतरून ठेवलेले, आणि मेटाडोरच्या हौद्यात तुम्ही स्वतः वाकून केळीची वाळकी पानं अंथरताय. हमालाला हात लावू देत नाही. सगळे गाडीवाले जास्त माल बसावा म्हणून कमानपाट्यात एक पाटा वाढवून घेत. तुम्ही एक काढून टाकला होतात असं लोक हसत सांगायचे. माल कमी भरायचा, पण धुळ्याच्या बाजारात तुमची केळी उतरली की आडत्या हात न लावता घ्यायचा. मी एकदा हौद्याचा मागचा फाळका जोरात आपटून बंद केला तेव्हा तुम्ही सगळ्या आवारासमोर माझा कान धरलात. "केयं हाये ते, दगड नाही! आज काही दिसनार नाही तुले, परवा सालीवर दिसते." माल नीट पोचला की नाही हे माणसाला विचारायचंच नाही, केळ्यालाच विचारायचं, हे तुम्ही माझ्या कानात असं पिळून भरलंत की अजून निघालेलं नाही.

मग मी तेच केलं. कपाळ माझं! आई सांगत नाही ना, मग केळी सांगतील. बाजारातून रोज एक फणी आणायची, डिकीत ठेवायची, कारखान्यात जाऊन यायचं, दोन दिवस ओट्यावर ठेवून डाग बघायचे, मग मिस्त्रीकडे जाऊन मागचा नॉब थोडा फिरवायचा, परत नवी फणी. घरात केळ्यांचा ढीग झाला. केळ्याची भाजी, केळ्याचं शिकरण, केळ्याचे वेफर्स. तुमच्या सुनेने एक दिवस ताट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "खा, तुमचा रिपोर्ट आलाय." पण मी जिद्दीला पेटलो होतो. मिस्त्रीने मागच्या बाजूला नरम स्प्रिंगा बसवून दिल्या, मागची बाजू थोडी उचलली. आणि एका आठवड्यात केळी स्वच्छ उतरली. एक डाग नाही! मी ओट्याजवळ उभा राहून फणी उलटीपालटी करून बघितली. अभिमान वाटला हो. मनात म्हटलं, नाना असते तर आज त्यांनी पाठीवर थाप मारली असती.

त्या शनिवारी मी बेफिकीर गाडी चालवली. केळी मावशीच्या हातात दिली, तिने बोटाने दाबून बघितली आणि म्हणाली, "हां, आते बरी शे." मी खूश. आणि मागे वळून बघतो तर आई अजून आलेलीच नाही. बाहेर गेलो. ती गाडीच्या सीटवर तशीच, एक पाय बाहेर टाकलेला, दाराला धरलेलं, आणि उठता येत नव्हतं. चेहरा पांढरा. मला बघून म्हणाली, "येते, येते. जरा पाय धरला." मावशीच्या नातवाने आणि मी तिला उचलून आत नेलं. मावशी पलंगावरून बघत होती. ती मला काहीसुद्धा बोलली नाही. ते फार लागलं.

कारण किती साधं होतं! केळी डिकीत असतात. मागच्या चाकांवर. आई बसते पुढे. मागची बाजू मी गादीसारखी केली होती आणि पुढची बाजू अजून तशीच खाली उतरवलेली, फोटो काढण्यासारखी. खाली इतकी की स्प्रिंगला दबायला जागाच उरलेली नव्हती. प्रत्येक गचक्याला शॉकअप शेवटच्या रबरावर जाऊन आपटत होता आणि ते आपटणं सरळ तिच्या मणक्यात जात होतं. पाइपच्या कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात इतकी वर्षं काढली मी. ट्रकमध्ये कुठला पाइप कुठे ठेवला तर तडकतो हे मी नव्या लोकांना शिकवतो. आणि स्वतःच्या आईसाठी गाडी लावताना डिकीतल्या फणीचं ऐकलं. जगात दुसऱ्या कुठल्या माणसाने ही चूक केली नसती. त्यासाठी रावेरात जन्मावं लागतं आणि तुमच्यासारखा बाप असावा लागतो.

डॉक्टरांचं ते बोलणं यानंतरचं. घरी आल्यावर माझा तोल सुटला. आई ओट्याशी बसून मेथी निवडत होती. मी म्हटलं, "तोंड नाही का तुला? दुखतं तर दुखतं म्हणायला काय होतं?" ती निवडत राहिली. म्हणाली, "तू एवढ्या हौसेनं घेतली." मी म्हटलं, "हौस गेली खड्ड्यात." काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. मग म्हणाली, "दुखते म्हनलं असतं तर तू धुयं बंद केलं असतं. तुह्या बायकोनं केलं असतं. डॉक्टरनं केलं असतं. मंग तिले कधी भेटू मी? वर?" बरोबरच होतं तिचं. सगळ्यांनी बंद केलं असतं, आणि काळजी घेतली म्हणून आपलीच पाठ थोपटून घेतली असती.

तेव्हा मी तिच्याशी सौदा केला. म्हटलं, "आजपासून उलटं. दुखतं म्हणालीस तर नेईन. चांगली हाये म्हणालीस तर त्या दिवशी धुळं बंद." तिला वाटलं गंमत करतोय. मी देवावर हात ठेवून सांगितलं. मग पहिला सेट काढून फेकला. म्हणजे फेकला नाही, एका उत्साही पोराला विकला, त्याचं तो बघेल. दुसरा घेताना मी कुणाचा व्हिडिओ बघितला नाही. तोही स्वस्तातलाच, पण विकणाऱ्याला आधी विचारलं, स्प्रिंग यातली सगळ्यात नरम कुठली? वरच्या टोकाला, गाडीला जोडतात तिथे, लोखंडी गोळा आहे की गचका पिणारं रबर? गाडी मूळ उंचीवर ठेवता येते का? तो म्हणाला, "सर, मूळ उंचीवरच ठेवायची तर कॉइलओव्हर घेता कशाला?" मी म्हटलं, आईसाठी. त्याने रबरवाला सेट पाठवला.

मिस्त्री गाडी वर उचलताना अगदी दुःखी झाला होता. "भो, ट्रॅक्टर दिसून राहिली." दिसू दे. आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, काहीतरी नावं ठेव. पहिल्या चकरेला म्हणाली, "सीटचा वास येते." चालेल! दुसऱ्या चकरेला, "गाणे बंद कर, काय कोकलून राह्यला तो." लिहून घेतल्यासारखं मी मान डोलावत होतो. तिसऱ्या चकरेला बराच विचार करून, इकडेतिकडे बघून, मिस्त्रीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "इथे, डाव्या बाजूले, जरासं टोचते." मिस्त्रीने डावीकडचा नॉब सोडला. परत चक्कर. "आता कमी झालं." नाना, सत्तर वर्षांच्या वर वय आहे तिचं आणि तिला दुखतं म्हणायला शिकवावं लागलं. तिला भीती वाटत होती, हे दिसत होतं मला. जणू बोललं की कुणीतरी दारातून येऊन रागावणार आहे.

आज शनिवार. आज त्या नव्या सेटवर पहिल्यांदा धुळ्याला निघालो. पाळधी गेलं, एरंडोल गेलं, आणि ती मध्येमध्ये न विचारता सांगत होती. इथे हळू. एसी पायावर येतो. हा ट्रकवाला मेला मध्येच घुसते. मी म्हटलं, अशीच बोलत राहा. मग एरंडोलच्या पुढे तो जुन्या चिंचांचा भाग येतो ना, आता बरीच तोडली, तिथे ती एकदम हसली. म्हणाली, "इथेच एकदा बोलली होती मी तुह्या नानांले."

मी विचारलं, काय?

तिने सांगितलं ते तुम्हाला आठवतंय का बघा. तुम्ही धुळ्याच्या बाजाराला माल घेऊन निघाला होतात आणि मावशीला भेटायचं म्हणून ती केबिनमध्ये, इंजिनच्या पत्र्यावर बारदान टाकून बसलेली. मी तेव्हा तिच्या पोटात होतो. रस्ता एकेरी, फुटलेला. ती तुम्हाला म्हणाली, कंबर मोडून राह्यली, जरा थांबवा. "थांबवली त्यांनी," आई म्हणाली. मी म्हटलं, मग? "मंग उतरले. मागे गेले. केयांवरची पानं सारखी करून आले. म्हने, बरं झालं तू बोलली, वरची फनी सरकलीच होती." आणि ती पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसायला लागली. "मंग काय, परत नाही बोलली मी. उगाच गाडी थांबवून काय करता?"

ती हसत होती. मला हसू आलं नाही. नाना, तुमचा एवढा राग मला तुम्ही जिवंत असताना कधी आला नव्हता. कान धरलात तेव्हाही नाही. हौद्यात वाळक्या पानांची गादी, आणि हिच्या खाली तापलेला पत्रा आणि बारदान! केळ्याला डाग पडलेला तुम्हाला परवा दिसायचा; ही धुळ्यात उतरल्यावर दाराला धरून उभी राहायची ते लगेच दिसत होतं, पुढे मला पोरालासुद्धा दिसायचं, तुम्हाला कसं दिसलं नाही? लोक तुम्हाला अजून नावाजतात. माल जपावा तर त्या माणसाने, असं म्हणतात. मी मान हलवतो. आज मला गाडी कडेला लावून त्या प्रत्येकाला फोन करावासा वाटला. तुम्ही वाईट नव्हता हे मला माहीत आहे. घरात कधी आवाज चढवला नाही, तिला कधी काही कमी पडू दिलं नाही. पण तिने एकदा तोंड उघडलं आणि तुम्हाला त्यात केळी ऐकू आली. मग तिने ते तोंड जे मिटलं ते माझ्या लाल गाडीत येऊन उघडावं लागलं मला, मिस्त्रीच्या दारात, तीन-तीन चकरा मारून.

हे सगळं मनात चाललेलं, स्टीअरिंग घट्ट धरलेलं, आणि त्या भरात पारोळ्यापुढचा नवा स्पीडब्रेकर मला दिसलाच नाही. पांढरे पट्टे मारलेलेच नाहीत त्याच्यावर. कुणी केला, कधी केला, देव जाणे. धाडकन गाडी चढली, धाडकन उतरली, खालून खर्रकन आवाज आला. कडेला घेतली. उतरलो, तिचं दार उघडलं. "आई, लागलं का?"

तिने डोळे मिटलेले होते. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. आता चांगली हाये म्हणणार, आणि सौद्याप्रमाणे मला गाडी वळवून जळगावला घेऊन जावी लागणार. तिने डोळे उघडले. म्हणाली, "हो. लागलं. भलतं लागलं. डोये फुटले काय रे तुहे? मानूस बसेल हाये बाजूले, दिसत नाही?" आणि मला चांगलं झापलं. बाजूने जाणारा दूधवाला मोटरसायकल हळू करून बघत होता. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून हसत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी हसतोय म्हणून ती आणखी चिडत होती. पाणी प्यायली. पाय हलवून बघितले. उतरून गाडीला धरून दोन पावलं चालली. मग स्वतःच आत बसून म्हणाली, "चाल आता, ती वाट पाहून राह्यली. आन् हळू."

आता दुपार आहे. मी मावशीच्या ओट्यावर बसून मोबाईलवर हे लिहितोय. आत दोघी जेवून आडव्या झाल्या आहेत. आई बहिणीला मी कसा स्पीडब्रेकरवरून उडवली ते रंगवून सांगते आहे आणि मावशी मला अहिराणीत शिव्या घालते आहे. मुद्दाम मला ऐकू येतील अशा. आईच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी आहे, ती तिने स्वतः मागून घेतली. चहाच्या वेळी निघू. पुढचा शनिवार आहे, एवढं नक्की.

एक मात्र राहिलं. उतरलो आणि तिचं दार उघडलं, असं मी वर लिहिलंय. ते तसं झालेलं नाही. उतरल्यावर मी आधी गाडीच्या पुढे गेलो. वाकलो, बंपरखाली हात घालून चाचपडून बघितलं. डाव्या कोपऱ्यात थोडं खरचटलंय, बाकी काही नाही. मग तिच्या दाराशी आलो. ती काचेतून सगळं बघत होती, आणि तेव्हाच तिने डोळे मिटून घेतले. एवढं सगळं तुम्हाला सुनावलं, नाना, पण हे आता कुठल्या तोंडाने पाठवू?